केस पेपरवर जे लिहिलं गेलं नाही

भांडुपहून एका वाचक मैत्रिणीचं चार पानी पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, छापत नाही. वय ४७, मशीद बंदरच्या एका पेढीत हिशेब लिहितात. १४ वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या बाजूच्या दोन बरगड्यांना तडा गेला होता. हाड भरून आलं, दुखणं मात्र गेलं नाही. खोल श्वास घेतला की चमक मारते, डाव्या कुशीवर झोपता येत नाही, लोकल गाडीत कुणाचं कोपर लागलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते. दोनदा ईसीजी, एकदा टूडी इको, एकदा स्ट्रेस टेस्ट, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी गॅस म्हटलं, दुसऱ्यांनी वय. सासूबाई म्हणतात उसण भरली असेल, जाऊबाई म्हणतात मनाचं आहे. सत्संगातल्या एका बाईंनी सांगितलं, कुणाला तरी माफ करायचं राहिलंय, ते केलं की छातीतली गाठ सुटेल. पत्राचा शेवटचा प्रश्न त्यावरूनच आहे: “मी माफ केलं नाही म्हणून दुखतंय का?”

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या पानावर तुम्ही लिहिलंत, “तेव्हा मी मोरीत पाय घसरून पडले होते.” तिसऱ्या पानावर लेकीच्या लग्नाच्या खरेदीबद्दल सांगता सांगता मध्येच एक ओळ येते, “खरं तर मी पडले नव्हते. ह्यांनी लाथ मारली होती.” आणि लगेच पुढच्या ओळीत पुन्हा शालूचे भाव. ती ओळ तुम्ही लिहिलीत, खोडली नाहीत आणि पाकीट बंद करून पोस्टात टाकलंत. १४ वर्षांत ती कुणालाच सांगितली नव्हती, असं तुम्हीच म्हणता. तुम्ही ती माझ्याकडे पाठवलीत, याची मला जाणीव आहे.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही. माफ केलं नाही म्हणून बरगडी दुखत नसते. त्या बाईंचा हेतू वाईट नसेल, पण हे ऐकल्यापासून तुम्ही दुखणं तर सोसताच आहात, वर ते आपल्याच कोत्या मनाची शिक्षा आहे असं समजून स्वतःला दोषही देताय. तो दोष आज खाली ठेवा. लाथ तुम्हाला बसली होती. त्याचा हिशेबही तुमच्याच नावावर मांडला जावा, हे मला सहन होत नाही.

आता दुखणं खरं की मनाचं, यावर. हात मोडला तर प्लास्टर घालता येतं, दीड महिना त्याला हलू द्यायचं नाही. बरगडीला ही सोय नाही. मिनिटाला पंधरा श्वास धरले तरी दिवसाला २१,६०० वेळा ती वर-खाली होते, झोपेतसुद्धा. म्हणून मोडलेल्या बरगडीचं माणूस आपोआप उथळ श्वास घ्यायला शिकतं, खांदा पुढे ओढून त्या बाजूला जपायला शिकतं. हाड साधारण दीड-दोन महिन्यांत सांधतं, पण ही सवय राहते. बरगड्यांमधले स्नायू आखडतात. बरगडी छातीच्या मधल्या हाडाला जिथे कूर्चेने जोडलेली असते तिथे दाबलं की दुखत राहतं. दोन बरगड्यांमधून जाणारी नस चिडलेली असू शकते. खालच्या बरगड्यांपैकी एखादी जरा सैल होऊन वरच्या बरगडीवर घासते, असंही काही जणांत होतं. यातलं बहुतेक काहीच ईसीजीत दिसत नाही, साध्या एक्स-रेतही दिसत नाही. डॉक्टरांनी बोटांनी एकेक जागा दाबून बघावी लागते. चार तपासण्या झाल्या तुमच्या, पण असं कुणी दाबून पाहिल्याचं पत्रात कुठेच नाही.

आणि मज्जातंतूंचंही एक शिकणं असतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे आपण माणसाच्या स्वभावाबद्दल म्हणतो. नसांचंही अगदी तेच होतं. जिथे एकदा जबर मार बसला त्या जागेचा पहारा शरीर वाढवून ठेवतं, आणि मग साधा स्पर्श, गर्दीतला धक्का, कुणीतरी जोरात लावलेलं दार एवढ्यानेसुद्धा कळ उठते. ही कळ नाटक नसते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपणात स्पष्ट लिहिलं की, माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. जाऊबाईंना हे सांगायची गरज नाही. तुम्ही स्वतःला सांगा. मनाचा आणि दुखण्याचा संबंध आहे, जरूर आहे, पण ‘मनाचं आहे’ म्हणजे ‘नाहीच आहे’ असा अर्थ घरातल्यांनी लावला तो चूक.

पत्रातल्या एका प्रसंगापाशी मी बराच वेळ थांबले. तुमचे यजमान नऊ वर्षांपूर्वी दारू सोडून एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला जाऊ लागले. मागच्या महिन्यात त्यांच्या नवव्या वाढदिवसाला, म्हणजे दारू सोडल्याच्या वाढदिवसाला, तुम्हाला पुढे बोलावलं आणि दोन शब्द बोला म्हणाले. तुम्ही अबोली रंगाची साडी नेसला होतात. “ह्यांनी स्वतःला सावरलं, मला अभिमान आहे,” एवढं बोललात, टाळ्या झाल्या, आणि खुर्चीपर्यंत परत येताना श्वास छातीत अडकला. हार्ट अटॅकच आला असं वाटलं. त्यांनीच रिक्षा केली, त्यांनीच दवाखान्यात नेलं, रात्रभर उशाशी बसले. ईसीजी नॉर्मल आला आणि तुम्हाला ओशाळल्यासारखं झालं. “एवढा चांगला वागतोय माणूस आणि मी मेली अजून तेच घेऊन बसलेय,” असं तुम्ही लिहिता.

ताई, तुम्ही खोटं बोलला नव्हतात. अभिमान आहे हेही खरं, लाथ बसली हेही खरं. पण त्या खोलीत एकाच गोष्टीला जागा होती आणि दुसरीला गिळून तुम्ही उभ्या होतात. श्वास तिथेच अडकला, यात मला नवल वाटत नाही.

एए ज्या बारा पायऱ्यांवर चालतं, त्यातली आठवी पायरी आपण ज्यांना दुखावलं त्यांची यादी करण्याची आहे आणि नववी त्यांची भरपाई करण्याची, तीसुद्धा त्या माणसाला आणखी इजा होणार नसेल तेव्हाच. नऊ वर्षांत त्या रात्रीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, असं तुम्ही म्हणता. का बोलले नाहीत, मला ठाऊक नाही. लाज असेल, किंवा दारूच्या नशेतलं आठवतही नसेल. मी एवढंच म्हणेन की ते काम त्यांच्या वाट्याचं आहे, तुमच्या नाही. ‘मी विषय काढला आणि हे पुन्हा प्यायला लागले तर’ ही तुमची भीती मी समजू शकते, पण त्यांची दारू बंद ठेवण्याची जबाबदारी तुमच्या बरगड्यांवर टाकू नका. त्यांच्याशी बोलायचं की नाही हे आत्ता ठरवायची घाई नाही. आधी तुमचं स्वतःचं कुणीतरी ऐकणारं हवं. दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट असतात, मुंबईत त्यांच्याही मीटिंगा होतात. तिथे नवऱ्याचं कौतुक करायला उभं राहावं लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही सहज लिहून गेलात की दर वेळी डॉक्टरकडे हे बरोबर येतात, फाईल ह्यांच्याच हातात असते, आणि “कशाने लागलं होतं?” या प्रश्नाचं उत्तर हेच देतात: बाथरूममध्ये पडली होती. म्हणजे १४ वर्षं प्रत्येक डॉक्टरने एका न घडलेल्या घटनेवर उपचार केलेत. पडणं आणि लाथ यांत डॉक्टरांच्या लेखी फरक असतो. मार कुठल्या बाजूने, किती जोरात आला, त्यानंतर किती दिवस तुम्ही कामाला गेलात, त्याआधी-नंतर आणखी कधी मार बसला होता का, घाबरून दचकून जाग येते का, हे सगळे प्रश्न मग कुणी विचारतच नाही. आणि उत्तर देणारा माणूस शेजारी उभा असताना तुम्ही तरी वेगळं काय सांगणार?

म्हणून या खेपेला एकट्या जा. अर्ध्या दिवसाची रजा टाका, फाईल स्वतः घ्या. मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत गेलात तर अस्थिरोग विभागात दाखवा आणि तिथे वेदनेसाठी वेगळी ओपीडी आहे का ते विचारा. बहुधा ती भूलतज्ज्ञांकडे असते. बाहेर रांगेतली माणसं ऐकतील असं वाटलं तर “मला एकटीला बोलायचंय” म्हणा, तो तुमचा हक्क आहे. सांगितल्यावर पोलिसांत जावं लागेल का ही धास्ती असेल तर आधी तेच विचारा. आणि तोंडातून शब्द फुटलाच नाही, तर चिठ्ठी द्या. वाक्य तुमचं तयारच आहे, तिसऱ्या पानावर. त्याच्या पुढे फक्त साल घाला आणि दुखतं ती जागा.

दुखणं सांगताना आपल्याकडे शब्दांची कमी नाही, ते नेमके वापरा. चमक निघते, ठणकतं, जळजळतं, बधिर होतं की नुसतं अवघडतं, यावरून स्नायू की नस की सांधा याचा डॉक्टरांना अंदाज येतो. नस असेल तर नैराश्यावरच्या काही गोळ्या कमी मात्रेत देतात, कारण त्या नसांच्या वेदनेवरही काम करतात. चिठ्ठीवर तसं औषध दिसलं तर ‘मला वेडी ठरवलं’ असं मनात आणू नका.

रोज रात्री झोपताना एक पेनकिलर घेता, ती दोन वर्षं सलग चाललीय हे मात्र डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. अशा गोळ्यांनी पोटात व्रण होऊ शकतात, किडनीवर ताण येऊ शकतो. तुमची ‘ॲसिडिटी’ कदाचित तिथूनच आली असेल.

तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून हृदयाला कायमची सुट्टी देऊ नका. नेहमीपेक्षा वेगळं दुखलं, चालताना-जिना चढताना छाती दाबल्यासारखी झाली, घाम फुटला, दम लागला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, तर ‘ते माझं नेहमीचंच’ म्हणत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा. बायकांत कधी कधी नुसती मळमळ आणि विलक्षण थकवा एवढंच होतं.

मनाच्या बाजूचं कामही बरोबरीने सुरू करा, आधी हाड मग मन असं नको. जुन्या आघातावर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ असतात. लगेच समोर बसून बोलणं जड वाटलं तर टेली-मानस हा सरकारी फोन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. घरात मार सोसलेल्या बायकांसाठी पालिकेने सेहत या संस्थेबरोबर २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, पुढे पालिकेच्या इतरही रुग्णालयांत ती केंद्रं निघाली. आता मारहाण होत नाही मग मी कशी जाऊ, असा संकोच करू नका. कायद्याचं तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून त्यात शिरत नाही. फक्त पुन्हा कधी हात उठला तर १८१ ही महिला हेल्पलाइन लक्षात असू द्या.

लेकीला सांगावं का, हेही विचारलंत. तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि तुम्ही दहा बाय बाराच्या खोलीत राहत होतात. तिला काय ठाऊक आहे याबद्दल तुम्ही समजता तितकी खात्री मी बाळगणार नाही. लग्नाच्या धामधुमीत मुद्दाम बसवून सांगायची गरज नाही. पण तिने आपणहून विचारलं, तर मोरीत पडले होते असं तिला तरी सांगू नका.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत थोडं घरी करा. सकाळी पाठीवर झोपून गुडघे वर घ्या, डावा तळवा दुखऱ्या बरगड्यांवर हलका ठेवा आणि तो तळवा जरासा बाहेर ढकलला जाईल एवढाच श्वास सावकाश घ्या. चमक यायच्या आत थांबा. दहा वेळा पुरे. टीव्हीवर बघून जोरजोरात कपालभाती करता ती सध्या बंद. शेक घेतल्याने बरं वाटत असेल तर घ्या. गाडीत पर्स ढालीसारखी छातीशी आवळून उभ्या राहता, त्याने खांदा आणखी पुढे येतो आणि श्वास आणखी आखूड होतो. एखादी गाडी सोडून पुढच्या स्लोने जाता आलं तर तसं करा. ऑफिसात उशीर झालाच तर दुखण्याचं कारण देताना लाजू नका.

फिजिओथेरपीला पाठवतीलच. पहिल्या दिवशी पुढून बटणं असलेला सैल कुर्ता घालून जा. डोक्यावरून काढायच्या कपड्याला दोन्ही हात वर न्यावे लागतात, आणि तुमचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही, हे तुम्ही कंसात, बारीक अक्षरात लिहिलंय. तेसुद्धा त्यांना सांगा.