कागदाची कड कुठे गेली?

प्रश्न : समकालीन इजिप्शियन चित्रकलेविषयी वाचताना ‘डेकूपाज’ हा शब्द आढळला. पेट्यांवर आणि ताटल्यांवर कागदी फुले चिकटवण्याच्या या छंदाचा चित्रकाराला काय उपयोग? कोलाज आणि डेकूपाज एकच का?

उत्तर : दोन्हींत कागद कापून चिकटवला जातो, पण हेतू जवळजवळ उलटे आहेत. 18व्या शतकात व्हेनिसच्या कारागिरांनी पूर्व आशियातील महागड्या लाखकामाची नक्कल करण्यासाठी छापील चित्रे कापून लाकडावर चिकटवली आणि त्यांवर रोगणाचे थरांवर थर चढवले. बोट फिरवले तरी कागदाची कड लागू नये, हे त्या कामाचे कसब. याउलट 1912 साली पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी चित्रात वर्तमानपत्राचे तुकडे आणले, ते तुकडे म्हणून दिसावेत यासाठीच.

हा फरक ध्यानात ठेवला, तर इजिप्तमधील ज्या कामांना सरसकट डेकूपाज म्हटले जाते, त्यांतील बरीचशी प्रत्यक्षात कोलाज आहेत, असे माझे मत आहे. 1948 साली जन्मलेल्या, मूळच्या इतिहासाच्या अभ्यासक असलेल्या हुदा लुत्फी जुनी छायाचित्रे, बाहुल्या आणि कैरोत सापडलेल्या वस्तू एकत्र आणतात, तेव्हा वेगवेगळ्या काळांतील तुकड्यांचे सांधे पाहणाऱ्याला दिसणे आवश्यकच असते. इजिप्तचे चित्रकार शांत अवेदिसियन (1951–2018) यांचे काम तर तिसऱ्याच प्रकारचे. त्यांनी गायिका उम्म कुलसूम, राष्ट्राध्यक्ष नासेर अशा व्यक्तींच्या मासिकांतून परिचित झालेल्या प्रतिमा स्टेन्सिलने साध्या पुठ्ठ्यावर उतरवल्या. डेकूपाजमध्ये कापलेला आकार चित्रात राहतो. स्टेन्सिलमध्ये कापून उरलेल्या भोकातून रंग खाली उतरतो आणि कागद बाजूला होतो.

मग खरा डेकूपाज चित्रकाराला कुठे उपयोगी पडतो? छापील प्रतिमा रंगाच्या थरांखाली बुडवायची असते तिथे. एखादा जुना अरबी मजकूर किंवा छायाचित्र पातळ रंगाआडून अर्धवट डोकावत असेल, तर ते चिकटवलेले नसून पृष्ठभागातूनच वर आल्यासारखे भासते. काही जण याचे मूळ थेट प्राचीन इजिप्तमध्ये शोधतात. तिथे ममीचे मुखवटे लिननच्या कापडाचे थर गिलाव्याने घट्ट करून रंगवले जात आणि टॉलेमी राजघराण्याच्या काळात त्यासाठी रद्दी पपायरसही वापरला जाई (त्या रद्दीतून पुढे अभ्यासकांना जुने मजकूर मिळाले, हा वेगळाच लाभ). साम्य मोहक आहे. पण तो कागद सांगाडा होता, प्रतिमा नव्हे, म्हणून त्याला डेकूपाजचा पूर्वज ठरवण्याची घाई मी करणार नाही.

प्रश्न : हे तंत्र ताणलेल्या कॅनव्हासवर वापरता येईल का?

उत्तर : येईल, परंतु लाकडी फळी अधिक सुरक्षित, कारण लवचीक कॅनव्हासवर रोगणाचे जाड थर तडकू शकतात. वर्तमानपत्राचा कागद आम्लामुळे पिवळा पडतो, आणि इंकजेटवर छापलेली प्रतिमा पाण्यात कालवलेल्या गोंदाने पसरते. म्हणून ती आधी फिक्सेटिव्ह (रंग पक्का करणारे द्रावण) फवारून बंद करावी. कात्री किंचित तिरपी धरून कापल्यास कड पातळ होते व रोगणाखाली लवकर बुडते. मधून चिकटवायला सुरुवात करून हवा कडांकडे काढावी आणि तैलरंगावर पाण्याचा गोंद मुळीच लावू नये, तो धरत नाही.