मुलांच्या वहीतला 'झेड' खोडण्याआधी

मुलगी ब्रिटनमधल्या शाळेतून अमेरिकेतल्या शाळेत गेली आणि तिच्या 'ऑर्गनाइज'मधल्या 'एस'खाली लाल रेघ आली, तर तिला रागावू नका. आपण भारतात 'एस' शिकलो म्हणून अमेरिकेत वाढणाऱ्या मुलाचा 'झेड'ही घरी खोडू नका. दोन्हीकडून बोलणी खाल्ली की मुलं लिहायलाच कचरतात, आणि ते नुकसान स्पेलिंगपेक्षा फार मोठं.

'झेड' म्हणजे अमेरिकन, हा आपल्याकडचा पक्का समज, पण तो खरा नाही. 'ऑर्गनाइज'च्या शेवटी येणारा हा 'आइज' प्रत्यय मूळचा ग्रीक. इंग्रजीत 'झेड'चं रूप जुनं आहे आणि ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोश आजही तेच वापरतो. ब्रिटनमध्ये रोजच्या लिखाणात 'एस' जास्त दिसतो, ऑस्ट्रेलियातही तोच. अमेरिकेत आणि कॅनडात 'झेड'. 'अ‍ॅनलाइज' तेवढा वेगळा: तिथे ऑक्सफर्डही 'एस'च लिहितं, अमेरिका 'झेड'.

खऱ्या चुका होतात त्या पुढे. नवा 'झेड' शिकलेलं मूल तो सगळीकडे लावत सुटतं. पण अ‍ॅडव्हर्टाइज, सुपरवाइज, एक्सरसाइज, सरप्राइज या शब्दांत अमेरिकेतही 'एस'च असतो, कारण त्यांच्या शेवटी तो ग्रीक प्रत्यय नाहीच. एवढे शब्द पाठ करून घ्या.

दुसरा घोळ 'एल'चा. 'ट्रॅव्हल'चा भूतकाळ लिहिताना ब्रिटनमध्ये दोन 'एल', अमेरिकेत एक. 'कंट्रोल'ला मात्र दोन्हीकडे दोन. मुलाला शब्द मोठ्यानं म्हणायला लावा: 'ट्रॅव्हल'मध्ये जोर सुरुवातीला पडतो, 'कंट्रोल'मध्ये शेवटी. जोर शेवटी असेल तरच अमेरिकन लोक अक्षर दुप्पट करतात. कानाला पटलेला नियम मुलं विसरत नाहीत. 'फुलफिल' आणि 'एनरोल' यांची तऱ्हा उलटी. मूळ क्रियापदात ब्रिटनमध्ये शेवटी एक 'एल', अमेरिकेत दोन.

'लर्न', 'बर्न', 'ड्रीम' यांच्या भूतकाळाला ब्रिटनमध्ये 'टी' किंवा 'ईडी' काहीही चालतं, अमेरिकेत बहुतेक 'ईडी'च.

एका निबंधात एकच पद्धत ठेवायला सांगा. लॅपटॉपवरची भाषा शाळेच्या देशाप्रमाणे, म्हणजे इंग्रजी यूके किंवा इंग्रजी यूएस अशी, आधीच निवडून ठेवा. शाळा बदलली असेल तर पहिल्याच पालकसभेत शिक्षकांना सांगा की मूल दुसऱ्या पद्धतीनं शिकून आलं आहे, आणि जुन्या स्पेलिंगचे गुण कापणार का, हेही विचारून घ्या.