'बाबांना कसं समजावू?'

'राजकारणावरून बाबांशी बोलणं बंद झालंय. त्यांना समजावू कसं?' निवडणुकीच्या आगेमागे समुपदेशनात हा प्रश्न हमखास येतो. पूर्वी एका घरात दोन पक्ष असायचे. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, पुढच्या वर्षी राष्ट्रवादी. आता एकाच पक्षाचे दोन गट एका पंगतीला बसतात, आणि हे भांडण जास्त बोचतं.

डोंबिवलीचं एक घर. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा छत्तिशीतला, धनुष्यबाणाच्या, म्हणजे शिंदे गटाच्या बाजूचा. वडील सत्तरीला टेकलेले, मशालीचे, म्हणजे ठाकरे गटाचे. रात्री नऊच्या चर्चेला ठिणगी पडायची आणि उरलेलं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेटायचं. मुलाने 'खरे गद्दार कोण' असा व्हिडिओ टाकला, त्या रात्री बाबा ग्रुप सोडून गेले. पाच महिने अबोला.

मुलगा आला तो मोबाइलमध्ये पुरावे घेऊनच. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं, हा त्याचा हुकमी पत्ता. माहिती बरोबरच होती. पण हा धनुष्यबाण पक्षाला १९८९ मध्ये मिळाला आणि १९९० च्या विधानसभेला बाबांनी रात्री जागून तो भिंतींवर रंगवला होता. मुलगा म्हणतो, 'आयोगाने निकाल दिला.' बाबांना ऐकू येतं, 'तुमची सगळी वर्षं फुकट गेली.' अशा वेळी पुरावा जितका पक्का, तितका तो वर्मी लागतो. म्हणून समजावणं बाजूला ठेवलं.

सुरुवात फोनपासून. घरच्या ग्रुपवर राजकीय फॉरवर्ड बंद, पण फक्त मुलाकडून. बाबांवर अट नाही. अट घातली की तोही पक्षादेशच होतो.

मग आठवड्यातून एकदा, संध्याकाळच्या चहाला, टीव्ही बंद करून पंधरा मिनिटं. एकच प्रश्न: 'तुम्ही शाखेत पहिल्यांदा का गेलात?' त्या वेळात 'आता' हा शब्द वर्ज्य.

पहिलाच डाव फसला. बाबा रंगात आले, पोरांचे नोकरीचे अर्ज शाखेत बसून कसे भरून द्यायचे ते सांगू लागले, आणि मुलगा बोलून गेला, 'मग आता ती कामं कोण करतंय?' बाबा कप तसाच ठेवून उठले. विचारणं कुठे संपतं आणि सापळा कुठे सुरू होतो, हे बहुतेकांना असं एकदा आपटल्यावरच कळतं.

पुढच्या वेळी एक पायरी वाढवली: उत्तर ऐकलं की आधी ते आपल्या शब्दांत परत म्हणायचं. 'म्हणजे तिथे काम व्हायचं, म्हणून तुम्ही गेलात.' बाबांनी मान हलवली. 'काम नाही रे. तिथे कुणीतरी नाव विचारायचं.' अशी दुरुस्ती आली की बरं समजावं. माणूस वाद जिंकायला नव्हे, सांगायला बसलाय.

आवाज चढलाच तर 'जरा खाली जाऊन येतो' म्हणून उठायचं, किमान २० मिनिटं. छातीतली धडधड सहसा त्याआधी पुरती बसत नाही. या वेळात फोन काढायचा नाही, कारण बरेच जण तेवढ्यात पुढचा पुरावा शोधून परततात.

आईचं काय, हे सहसा कुणी विचारत नाही. पाच महिने दोघांचे निरोप तीच पोचवत होती आणि धार बोथट करून सांगत होती. बाबांचं 'त्याला अक्कल नाही' हे मुलापर्यंत 'ते जरा नाराज आहेत' होऊन यायचं. त्यामुळे अबोला निभत होता. तिने एवढंच म्हणायचं ठरलं, 'मला नको, त्याला सांग.' सगळ्यांत जड हेच गेलं. तीन आठवड्यांत तिला ते दोनदाच जमलं. दुसऱ्या वेळी बाबा दहा मिनिटं दारात घुटमळले आणि मुलाला म्हणाले, 'गॅसचा नंबर लावलास का?'