खानापुरात लग्नाचे फोटो-व्हिडिओ साठवायला कोणती पोर्टेबल हार्ड डिस्क घ्यावी? जुनी डिस्क जोडली की टकटकते, ती गेली का?

आधी टकटकीचं बघा. पोर्टेबल म्हणजे २.५ इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, ती यूएसबीच्याच विजेवर फिरते. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३ चा ९००. वीज अपुरी पडली की आतली चकती वेग घेता घेता थांबते, तोच आवाज. हब आणि लांब केबल काढा, सोबत आलेली आखूड केबल थेट कॅबिनेटच्या मागच्या निळ्या (यूएसबी ३) पोर्टला लावा. तरी टकटक राहिलीच तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू केल्यास हेड, म्हणजे चकतीवरून डेटा वाचणारा भाग, चकतीला घासून डेटा कायमचा जाऊ शकतो. बेळगावात डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या.

नवी २ टीबीची घ्या. विंडोजमध्ये १.८१ दिसेल, ते मोजणीतल्या फरकामुळे. फॉरमॅट एक्सफॅट ठेवा. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ बसत नाही. काढताना आधी इजेक्ट, मग चकती थांबेपर्यंत दहा सेकंद हलवू नका.

खानापूरच्या पावसात डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवा. आणि गिऱ्हाइकाचे फोटो एकाच डिस्कवर कधीही ठेवू नका, दुसरी प्रत हवीच.