उतारावरची परसबाग: रोपांआधी पाणी बघा

रोपं आणायची घाई करू नका. जोरदार पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन परसात उभे राहा. पाणी कुठून उतरतं, कुठे माती कापतं, कुठे तुंबतं, तिथे खुणा करून ठेवा. बागेचा आराखडा त्यातूनच निघतो.

उतार सौम्य असेल तर भिंती नकोतच, दाट मुळांची झाडं माती धरतात. वाळा तर फारच गुणी! त्याची मुळं आजूबाजूला न पसरता सरळ खोल जातात. उताराला आडवी, एका पातळीत ओळ लावा. उतार तीव्र असेल तर मात्र टप्पे पाडावे लागतील. गुडघ्याएवढी दगडी भिंत घरी रचता येते. १ मीटरच्या आसपास जाणार असेल तर अभियंत्याला विचाराच. भिंतीमागे खडी भरा आणि पाणी निघायला भोकं ठेवा. कित्येक भिंती मागे साचलेल्या पाण्याच्या दाबानेच ढासळतात, म्हणून इथे काटकसर नको.

लावताना रोपाच्या खालच्या बाजूला मातीचा अर्धचंद्राकृती बांध घाला, नाहीतर घातलेलं पाणी मुरायच्या आत वाहून जातं. उघड्या मातीवर काथ्याची जाळी अंथरा आणि तिच्यात फट पाडून रोपं लावा. रोपं पसरेपर्यंत ती माती धरते, मग आपोआप कुजते.

वरच्या टप्प्यात कमी पाण्यावर तगणारी झाडं, तळाशी कर्दळीसारखी ओल आवडणारी. पायवाट सरळ खाली न नेता नागमोडी न्या. चढायला सोपी, आणि प्रत्येक वळणावर फुलझाडांना जागा मिळते.