फ्री-फ्लो एक्झॉस्ट (धूर कमी अडथळ्याने बाहेर सोडणारा सायलेन्सर-पाइप) बसवल्यावर पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.९ टक्के येतोय, बिघाड कुठे शोधू? (बीएस-४ पेट्रोल कार, सातारा)

आधी हेडर (इंजिनातून धूर गोळा करणारे पाइप) आणि त्याला जोडलेला डाउनपाइप यांच्या जोडाचं गॅस्केट बघा; गळती असेल तर तिथं काजळीचे काळे डाग दिसतात. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, फट राहिली की बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) वाटतं आणि ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर) उगाच पेट्रोल वाढवतो. सीओ जास्त असूनही ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायचं यंत्र) लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोल किती वाढवलं-घटवलं तो आकडा) +१० टक्क्यांच्या वर असेल, तर संशय पक्का. ट्रिम शून्याजवळ आणि लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे अचूक) १ च्या आसपास असेल, तर मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) निकामी आहे किंवा फिटिंगवेळी काढून टाकलाय. मग रिमॅपवर (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलण्यावर) पैसे घालवू नका. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) सीओची ०.३ टक्क्यांची मर्यादा आहे, कन्व्हर्टर परत बसवावाच लागेल. फक्त रीडिंग गरम गाडीचंच धरा, थंड कन्व्हर्टर काम करत नाही: हायवेवरच्या लिंब फाट्यापर्यंत जाऊन या आणि इंजिन बंद न करता तपासणीला लावा.