‘कन्करंट’ केमोरेडिएशनला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे: फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या रुग्णमाहितीत ‘कन्करंट’ (केमोची औषधे आणि रेडिएशनचे किरण, दोन्ही उपचार एकाच काळात) आणि ‘सिक्वेन्शियल’ (एक संपल्यावर दुसरा) केमोरेडिएशन हे शब्द आहेत. त्यांना ‘एकत्रित’ आणि ‘क्रमशः’ म्हटले तर चालेल का?

‘क्रमशः’ वाचून मासिकातली कथाच आठवते, त्यामुळे तो बाद. ‘एकत्रित’ मात्र थोडा विचार करायला लावतो, कारण कोर्टाच्या बातम्यांत ‘दोन्ही शिक्षा एकत्रित भोगायच्या’ असे आपण वाचतो आणि तिथे त्याचा अर्थ नेमका कन्करंट असाच असतो. इथे अडचण वेगळी आहे. आधी केमो संपवून मग रेडिएशन दिले, तरी डॉक्टर त्याला एकत्रित उपचारच म्हणतात. हा शब्द दोन उपचार आहेत एवढेच सांगतो. ते कधी द्यायचे, हे सांगत नाही.

आणि इथे सगळे त्या ‘कधी’वरच अडते. तिसऱ्या टप्प्यातला, शस्त्रक्रियेने काढता न येणारा नॉन-स्मॉल सेल प्रकारचा कर्करोग घ्या (फुप्फुसाच्या कर्करोगाचे स्मॉल सेल आणि नॉन-स्मॉल सेल असे दोन मुख्य प्रकार आहेत). २०१० साली या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या सहा वैद्यकीय चाचण्यांमधल्या १,२०५ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. दोन्ही उपचार बरोबरीने घेणाऱ्यांत पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण एकामागून एक घेणाऱ्यांपेक्षा साडेचार टक्के बिंदूंनी जास्त निघाले. त्याची किंमतही होती: अन्ननलिकेचा तीव्र दाह ४ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. गिळताना घशाखाली आग होते, जेवण सुटते. म्हणून अशक्त रुग्णाला आधी केमो, मग रेडिएशन हा मार्ग सुचवला जातो.

‘समवर्ती’ राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत शोभतो, रुग्णाच्या हातातल्या कागदावर नाही. ‘समकालीन’ म्हटले की ज्ञानेश्वर-नामदेव डोळ्यांपुढे येतात. ‘समांतर’ तर उलटाच अर्थ देईल. समांतर रेषा भेटत नाहीत, आणि इथे केमोमुळे कर्करोगाच्या पेशी किरणांना जास्त बळी पडाव्यात, हाच हेतू असतो.

‘एकाच वेळी’ सोपा आहे, पण फसवा. हाताला सलाईन लावूनच मशिनखाली झोपवतात, असा समज त्यातून सहज होईल. प्रत्यक्षात रेडिएशन बहुधा सोमवार ते शुक्रवार असे सहा आठवडे, म्हणजे तीस वेळा. मशिनवर काही मिनिटांचेच काम. पॅक्लिटॅक्सेल-कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधे साप्ताहिक असतील, तर आठवड्यातल्या एकाच दिवशी काही तास सलाईन. बाकी चार दिवस केमो नाही, तरीही उपचार ‘कन्करंट’च.

म्हणून माझे मत असे, की नामाचा हट्ट सोडावा आणि मराठी क्रियापदाकडे काम सोपवावे. ‘रेडिएशन चालू असतानाच केमो’ आणि ‘केमो संपल्यावर रेडिएशन’. लेखात सुटसुटीत संज्ञाच हवी असेल, तर ‘सहकालिक’ आणि ‘अनुक्रमिक’ चालतील, पण पहिल्यांदा वापरताना हा खुलासा शेजारी हवा. ‘पाठोपाठ’ टाळावा, त्यात लगेचची घाई आहे, आणि इथे मध्ये काही आठवडे जाऊ शकतात.

स्मॉल सेल प्रकार एकाच बाजूच्या छातीपुरता मर्यादित असेल, तर मात्र ‘चालू असतानाच’ एवढ्याने भागणार नाही. तिथे रेडिएशन लवकर, शक्यतो केमोच्या पहिल्या किंवा दुसऱ्या सायकलबरोबर (फेरीबरोबर) सुरू करतात. तेव्हा ‘केमोच्या दुसऱ्या सायकलपासून रेडिएशनही’ असे आकड्यासकट लिहावे.